बारा बाहुल्यांची तोंडं

सुईमावशीचं खरं नाव बालवाडीतल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. तिच्या गळपट्टीच्या आतल्या अंगाला कायम दोन सुया टोचलेल्या असत, एकीत पांढरा दोरा ओवलेला, एकीत काळा. पोर धावता धावता पडलं की मावशी आधी त्याचा गुडघा बघायची आणि लगेच गुडघ्यावरचं फाटलेलं कापड. फुंकर घालून होईतो चार टाके पडलेले असत. "माझं शिवून झालं, तुझं रडून झालं का?" असं तिनं विचारलं की पोरालाही रडणं लांबवायची लाज वाटायची.

त्या गावात दोन तऱ्हेची माणसं राहत. नदीच्या अलीकडचे गळ्याशी बटण लावायचे, पलीकडचे खांद्यावर पट्टीची गाठ मारायचे. बोलणं एक, बाजारभाव एक, माणूस गेल्यावर रडायची रीतसुद्धा एकच. पण 'बटणवाला' आणि 'गाठवाला' हे शब्द मुलं 'आई'च्या पाठोपाठ शिकायची. मुळात कशावरून फाटलं हे धड सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मधल्या काळात गोळ्याही चालल्या. तीन वर्षं पूल कधी उघडा, कधी बंद. मग दोन्हीकडची माणसं दमली, मोठ्या लोकांनी कागदांवर सह्या केल्या आणि पूल कायमचा उघडला. उघडला म्हणजे अडसर निघाला इतकंच. कामाशिवाय त्यावरून कुणी फारसं जात नव्हतं.

मावशी बटणवाली. नवरा शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत दुकान, एक शिलाई मशीन आणि एक लेक. लेक पाच वर्षांची असताना तिला ताप भरला. इस्पितळ पलीकडे. दुपारी चार वाजता मावशी तिला खांद्यावर टाकून पुलाच्या तोंडाशी पोचली, तेव्हा पूल बंद होता. पहाऱ्यावर एक गाठवाला पोरगा होता, मिसरूडही न फुटलेला. त्यानं लेकीकडे पाहिलंच नाही. मावशीच्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी आठला या." मावशीनं हातापाया पडून पाहिलं. तो तेच वाक्य पुन्हा बोलला. पाढा म्हणावा तसं. दिवस मावळायच्या आत लेक आईच्या मांडीवरच गेली.

गळ्याची दोन बटणं तोडून खांद्यावर एक गाठ मारायला मावशीला किती वेळ लागला असता? चिंधी खिशात होती, सुई गळपट्टीला होती. सगळ्या गावाचे कपडे उसवणाऱ्या-शिवणाऱ्या बाईला तेवढं मात्र त्या घटकेला सुचलं नाही. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. नवरा पुढे बोलायचाच कमी झाला आणि एका सकाळी मशीनवर मान टाकून गेला.

देवाशी तिनं भांडण मांडलं नाही. फक्त मागणं सोडलं. सकाळी मशीन पुसायच्या आधी हात जोडून ती त्याला नुसतं सांगायची. काल हे झालं, आज हे करायचंय. आणि शेवटी न चुकता, "माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही, तुला ठाऊकच आहे." बावीस वर्षं रोज सांगितल्यावर तिचा तिलाही त्यावर विश्वास बसला होता.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला जुनं पोस्ट होतं. ते बंद पडल्यावर बाहेरगावच्या एका संस्थेनं तिथं दोन्हीकडच्या मुलांची मिळून एक बालवाडी काढली. मदतनीस हवी होती. मावशीचं घर तिसऱ्या गल्लीत, आणि मुलांचा गलका खिडकीतून आत यायचा. दोन दिवस ऐकला आणि तिसऱ्या दिवशी गेली. तिच्याकडे विधवा नणंद राहत होती, जिभेची तिखट. ती रोज दारातच आडवी यायची.

"निघालीस गाठवाल्यांची शेंबडं पुसायला?"

"शेंबडाला गाठ नसते, वन्सं."

"तुझ्या जिभेला हाड नाही."

"तुमच्याकडूनच उसनी घेतलीय ती."

बालवाडीच्या बाई पलीकडच्या होत्या, चोवीस वर्षांच्या. मावशीची लेक असती तर तिलाही चोवीसच लागलं असतं. हा हिशेब मावशीनं पहिल्याच दिवशी केला आणि मनातच ठेवला. मुलांसमोर ती त्यांना 'बाई' म्हणायची आणि मुलं गेली की 'पोरी'. बाईंच्या खांद्यावरची पट्टी विरली होती, तर मावशीनं आतून अस्तर लावून ती अशी शिवून दिली होती की जोड कुठला ते बाईंनाही सापडेना. तिसरे पोस्टमनकाका. पोस्ट हललं, हे राखणदार म्हणून मागं राहिले. "माझ्यावर पत्ता नव्हता ना," ते म्हणायचे, "म्हणून मला कुणी नेलंच नाही."

बालवाडीला दोन वर्षं झाल्यावर संस्थेनं एक संशोधक पाठवली. लांबच्या विद्यापीठातली, उंच, बारीक आवाजाची बाई. तिच्या गळ्याला बटणही नव्हतं, गाठही नव्हती. सगळे तिला मॅडम म्हणत. तिला मोजायचं होतं ते असं. एकत्र बालवाडीत वर्ष काढलेल्या मुलांच्या मनातली एकमेकांबद्दलची अढी कमी होते का? त्यासाठी ती या बालवाडीतली मुलं तपासणार होती, शिवाय अलीकडच्या फक्त बटणवाल्यांच्या आणि पलीकडच्या फक्त गाठवाल्यांच्या बालवाडीतलीही. एकदा वर्षाच्या सुरुवातीला, एकदा शेवटी. अढी कमी झालेली दिसली तर संस्था बालवाडी चालू ठेवणार, अशा आणखीही काढणार. नाही दिसली तर बंद.

"चार वर्षांच्या मुलाला, तुला गाठवाले आवडतात का, असं विचारून चालत नाही," मॅडमनी समजावलं. "आई शिकवते ते बोलतं. म्हणून बाहुल्या हव्यात. बारा जोड्या. प्रत्येक जोडी जुळी. फक्त गळा वेगळा, एकीला बटण, एकीला गाठ. बाकी एवढासासुद्धा फरक नको, नाहीतर मूल गळा बघून बोलतंय की आणखी काही बघून, ते मला कळणार नाही. जमेल का, मावशी?"

"मॅडम, चोवीस बाहुल्या म्हणजे चोवीस पोरांपेक्षा सोप्या. ह्या निदान शिवताना हलत नाहीत."

मावशीनं एकाच कागदावरून अंगं कापली. कापूस तराजूत तोलून भरला. तळपायाला जोडीचा आकडा घातला, बटणवाल्यांना निळ्या दोऱ्यानं, गाठवाल्यांना हिरव्या. मग कपडे शिवून अंगावर चढवले, मागून हूक लावले आणि सगळ्यात शेवटी तोंडं काढायला घेतली. ही नवऱ्याची शिकवण. तो म्हणायचा, "बाहुली पुरती सजल्याशिवाय तिला तोंड देऊ नये, नाहीतर ती घाई करते." डोळ्यांना दोन टाके, तोंडाला चार.

मॅडमनी टेप काढून उंची मोजली, हाताची लांबी मोजली, कापड उजेडात धरून पाहिलं. "मावशी, कारखान्यात होणार नाही असं काम आहे हे." मावशी लाजली. बऱ्याच वर्षांनी.

तपासणी पोस्टाच्या जुन्या तिकीटखिडकीमागच्या खोलीत व्हायची. लहान टेबल, एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला मॅडम, मध्ये दोन बाहुल्या. मुलांनी घाबरू नये म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर मावशी, भिंतीकडे तोंड करून, रफू करत. बोलायचं नाही, खोकायचंही नाही.

"ह्या दोघींतली तुझ्याबरोबर कोण खेळेल? तुझ्यातला खाऊ कुणाला देशील? एका मुलीला कुणीतरी चिमटा काढला. तो कुणी काढला असेल?"

मूल काय दाखवतं ते मावशीला दिसायचं नाही, मॅडमच्या पेन्सिलीचा आवाज तेवढा ऐकू यायचा. पण पहिल्या दिवसाअखेर मॅडमनी बाईंना सांगितलं. चिमटा बहुतेकांनी गाठवालीवर लोटला होता. "सुरुवातीला असंच असतं," मॅडम म्हणाल्या. "खरं काय ते वर्ष संपताना बघायचं."

ते वर्ष फार चांगलं गेलं. बाईंनी पोस्टाची खिडकीच मुलांना खेळायला दिली. बटाट्याचे शिक्के, झाडाच्या पानांची पत्रं. शिक्का कुणी मारायचा यावरून रोज हातघाई व्हायची. पण ती शिक्क्यावरून, गळ्यावरून नाही. पोस्टमनकाकांना दिवसातून चाळीस पत्रं यायची आणि तेवढी ती सगळी वाचून दाखवावी लागायची. "इतकी वर्षं दुसऱ्यांची वाटली, आता व्याजासकट आली," म्हणून कुरकुरायचे आणि चष्मा पुसायचे.

चिमणी नावानं ओळखली जाणारी एक गाठवाली मुलगी होती, खाली सांडलेलं टिपून खायची म्हणून चिमणी. तिचा बाप कामावर जाता जाता तिला सगळ्यांच्या आधी सोडायचा, म्हणून सकाळी अर्धा तास ती मावशीच्या पायात असायची. तिचे प्रश्न संपत नसत. सुईला कान असतो तर तिला ऐकू येतं का? दोरा संपला की तो कुठे जातो?

वर्ष संपलं. पुन्हा बाहुल्या टेबलावर आल्या. पुन्हा आठवडाभर पेन्सिलीचा आवाज. शनिवारी मॅडमनी वही मिटली आणि बाईंना समोर बसवलं. मावशी भांडी विसळता विसळता ऐकत होती.

"आकडे हललेले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही बालवाड्यांत सारखेच. तुमच्याकडचीही दहातली आठ मुलं चिमटा गाठवालीवरच घालतात."

"पण तुम्ही बघता ना त्यांना? अंगणात, खिडकीशी?"

"बघते. जे बघते ते मला लिहिता येत नाही. जे मोजलं तेच लिहायचं असतं." मॅडमचा आवाज आणखी बारीक झाला. "आणि तुमच्याकडची गाठवाली मुलंसुद्धा, बाई. स्वतःच्याच गळ्याची बाहुली मारकी म्हणून दाखवतात. चिमणीनंही तेच केलं. ज्यांना नावं ठेवली जातात ती मुलं स्वतःला कमी लेखायला शिकतात, असं पुष्कळ ठिकाणी दिसलेलं आहे. पुढच्या शुक्रवारी संस्थेची बैठक आहे. त्याआधी अहवाल द्यायचा आहे."

बाई उठून मागच्या नळावर गेल्या. नळ सोडला आणि तशाच उभ्या राहिल्या. मावशी जवळ गेली.

"मावशी, पोरांना आपल्याच गळ्याची लाज वाटायला लागली. मी वर्षभर काय शिकवलं हो?"

मावशीनं नळ बंद केला.

बुधवारी सकाळी मावशीनं बाहुल्या धुवायला काढल्या. दोन वेळा सगळ्या गावाच्या पोरांचे हात लागून कपडे काळे झाले होते. तिनं हूक काढले, कपडे साबणात टाकले आणि चोवीस उघड्या बाहुल्या अंगणातल्या कठड्यावर उन्हात ओळीनं मांडल्या. पिळून, वाळवून, दुपारी त्या पुन्हा नेसवायला बसली. एक घेतली, बटणाचा कपडा चढवला. दुसरी घेतली, गाठीचा चढवला. तिसरी, बटण. सात-आठ झाल्यावर तिचा हात थांबला.

कुठलीला काय घालायचं हे तिला कोण सांगत होतं? तळपाय तर तिनं एकदाही पाहिले नव्हते.

तिनं सगळ्यांचे कपडे पुन्हा काढले. बाहुल्या टोपलीत टाकून ढवळल्या, एकेक उचलून नुसती तोंडाकडे बघत दोन बाजूंना ठेवत गेली. मग तळपाय उलटून पाहिले. डावीकडे बाराही निळे, उजवीकडे बाराही हिरवे.

शिवणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. दोरा सैल सोडला तर टाका कापडावर झोपतो. ओढला तर कापड आत खेचतं. बारा तोंडांचे टाके कापडावर निवांत झोपले होते, टोकं जरा वर. बारांचे खेचलेले, ओठ मिटलेले, टोकं खाली. फरक केसाएवढा, टेपला न सापडणारा. मोठ्या माणसाच्या नजरेला तर नाहीच. पण लहान मूल टेबलाशी बसलं की त्याचं तोंड आणि बाहुलीचं तोंड अगदी समोरासमोर येतं.

तरी आपलंच मन खातंय की काय, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चिमणीला जवळ घेतलं. बाहुल्या उघड्याच होत्या, टोपलीत.

"ह्यांचे दोन गट करशील? तुला वाटेल तसे."

चिमणी मांडी घालून बसली. ती पटापटा उचलत होती, एकदाही अडली नाही. "ह्या अशा आहेत," म्हणून तिनं दोन बोटांनी स्वतःच्या ओठांची टोकं वर ओढून दाखवली. "आणि ह्यांना कुणीतरी रागावलंय."

"कुणी गं?"

"मला काय माहीत? केल्या त्यांनी."

मावशीनं तिला बटाट्याचा शिक्का दिला आणि खेळायला पाठवलं. मग ती कठड्याला टेकून उभी राहिली. हात जोडले गेले सवयीनं, पण रोजचं वाक्य तोंडातून निघेना. बावीस वर्षं ज्याला सांगत होती, माझ्या मनात काही नाही म्हणून, त्यानं ते बारा तोंडांवर उमटवून तिच्यासमोर ओळीनं मांडून ठेवलं होतं. आणि त्या तोंडांपायी चिमणी स्वतःला चिमटेखोर ठरवून आली होती.

घरी गेली तेव्हा नणंदेनं ताट वाढलं. मावशीनं हात लावला नाही. सगळं सांगितलं. नणंदेनं ताट आणखी पुढे सरकवलं.

"नाही सांगितलंस तरी बालवाडी बंद होणार. मग सांगितल्यावर चालू राहणार आहे का?"

"ते नाही माहीत."

"मग तोंड कशाला उघडतेस? ती गाठवाली पोरगी तुला आईसारखी मानते म्हणतेस. तेही जाईल."

"जाईल."

"मग?"

"नाही सांगितलं तर हे पोरांच्या नावावर चढेल, वन्सं. छापून येईल. पोरांच्या मनात विष आहे म्हणून. विष माझं."

नणंदेनं ताट उचललं. जाता जाता म्हणाली, "तुझ्या लेकीला मीही खांद्यावर खेळवलंय. तुझ्या एकटीचं नाही ते."

त्याच दुपारी मावशी बाहुल्यांची टोपली घेऊन तिकीटखिडकीमागच्या खोलीत गेली. मॅडम खोकी बांधत होत्या, बाई कागद लावत होत्या. मावशीनं टेबलावर दोन रांगा मांडल्या आणि उभ्यानंच सांगितलं. दोरा, टाका, तळपायाचे आकडे, चिमणीचे दोन गट. लेकीचंही सांगितलं, तीन वाक्यांत. चौथं, न सुचलेल्या गाठीचं, घशाशी आलं. ते तिनं गिळलं.

मॅडमनी एक बाहुली डोळ्याजवळ धरली, मग दुसरी. पुन्हा पहिली. खाली बसल्या.

"दोनशे चाळीस मुलं," त्या म्हणाल्या. "दोन वेळा."

"नव्या करून देते. आठ दिवसांत. बसून."

"वर्षाच्या सुरुवातीचं मोजमाप कुठून आणू, मावशी? मुलं तोंड बघत होती. सुरुवातीलाही तोंड, शेवटीही तोंड. त्यांच्या मनात गळ्याचं काही बदललं की नाही, ते ह्यातून कुणालाच कधी कळणार नाही." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं. त्यांनी अहवालाचा कागद ओढला आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली.

बाई अजून उभ्याच होत्या. त्यांचा हात खांद्यावरच्या पट्टीवर गेला होता.

"ही शिवलीत तेव्हा?"

"ती सैल हातानं शिवलीय, पोरी. देवाशपथ. उसवून बघ हवं तर."

बाईंनी उसवून पाहिली नाही. हातही काढला नाही. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पहाऱ्याला आमच्याकडच्या प्रत्येक घरातून एक जण जायचा. आमचा दादा जायचा. एकोणीस वर्षांचा होता. कुठल्या दिवशी कोण होतं, कुणी लिहून ठेवलेलं नाही." मग थोड्या वेळानं, "तो घरी येऊन जेवायचा नाही. एवढंच मला आठवतं."

मावशीनं टेबलावरच्या बाहुल्या एकेक करून टोपलीत भरल्या.

शुक्रवारी मॅडमनी संस्थेपुढे खरं ते मांडलं. साहित्य सदोष, निष्कर्ष नाही. मावशीचं नाव त्यांनी घेतलं नाही. खेळताना जे पाहिलं तेही त्या बोलल्या, पण बोलणं कागदावर चढत नाही. संस्थेची माणसं भली होती, हळहळली. पण पुढच्या वर्षासाठी निष्कर्ष हवा होता. महिनाअखेर जुन्या पोस्टाला कुलूप लागलं. पोस्टमनकाकांनी किल्ली हातात घेऊन म्हटलं, "आता माझ्यावर पत्ता टाका रे कुणीतरी." कुणी हसलं नाही. मुलं आपापल्या बाजूच्या बालवाडीत गेली. बाईंना लांबच्या गावात नोकरी मिळाली. निघताना त्या मावशीकडे येऊन गेल्या, पाया पडल्या. मावशीनं डोक्यावर हात ठेवला, पण 'पोरी' म्हणायचं धाडस झालं नाही. पत्र पाठवते म्हणाल्या होत्या. अजून आलेलं नाही.

बाहुल्यांचं खोकं मॅडम मावशीपाशी ठेवून गेल्या. महिनाभर ते मशीनखाली पडून होतं. मग एका सकाळी तिनं मशीन पुसलं, हात जोडले आणि म्हणाली, "मनात आहे. तू बघितलंसच." तेवढंच. आणि हिरव्या आकड्याची पहिली बाहुली घेऊन तोंडाचे टाके उसवायला बसली.

बाहुलीचं तोंड दोनदा काढणं सोपं नसतं. जुन्या टाक्यांची भोकं राहतात, ती ओल्या बोटानं दाबून मिटवावी लागतात. पहिल्या चार पुन्हा खेचल्या गेल्या. तिनं त्या पुन्हा उसवल्या. पाचवीपाशी हात जड झाला, तेव्हा ती तो पुलावरचा पोरगा आठवू लागली. मिसरूड नसलेला. तो घरी जाऊन जेवला असेल का, एवढंच. दोरा सैल पडला. सगळ्यांना दोन आठवडे लागले. मग तिनं चोवीसही जणींना साधे गोल गळे केले, बिनबटणाचे, बिनगाठीचे. तळपायाचे आकडेही काढून टाकले.

बावीस वर्षांत ती पुलावर गेली नव्हती. त्या दिवशी पिशवी घेऊन गेली. पहाऱ्याच्या खोपटात आता छत्र्या दुरुस्त करणारा बसत होता. त्यानं तिच्या गळ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे आणि तारेला पीळ घालत राहिला. पलीकडची बालवाडी दुसऱ्या वळणावर होती. तिथल्या बाई दारात आल्या, पोक्त, अदबशीर. मावशीनं सांगितलं, खेळायला आणल्यात, पैसे नकोत.

त्यांनी एक बाहुली उलटसुलट करून पाहिली. "सुबक आहेत. यातल्या आमच्या कोणत्या?"

मावशीनं पिशवीत पाहिलं. एक उचलली, दुसरी उचलली, उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिली.

"मला नाही ओळखता येत," ती म्हणाली.

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या, वाईट बोलायचं नव्हतं त्यांना. "पालक विचारतात हो. गळ्याला काहीच नसलेली म्हणजे कुणाची, म्हणून."

मुलं रांगेत बसली होती, सगळ्यांच्या खांद्यावर गाठी. तिसऱ्या रांगेत चिमणी होती. तिनं मावशीला पाहिलं होतं. हाक मारली नाही. शेजारणीकडे बघितलं, मग खाली पाटीकडे. मावशीनंही हाक मारली नाही. नव्या जागी पोराला अवघड होऊ नये. ती पिशवीचं तोंड गुंडाळू लागली. वळता वळता पुन्हा एकदा बघितलं, तेव्हा चिमणीनं पाटी तोंडासमोर धरली होती आणि पाटीच्या आड, कुणाला दिसणार नाही अशी, दोन बोटांनी ओठांची टोकं वर ओढली होती.

मावशी पुलावरून परत आली. पिशवीत चोवीस बाहुल्या होत्या, सगळ्या हसऱ्या.